चौपन्न पायऱ्या आणि एक सही

बँकेतल्या त्या मुलानं स्क्रीन आमच्याकडे फिरवली, एका ओळीवर बोट टेकवलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, हे कुणाचं?’’ बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. छत्र्या दाराशी ठेवायला सांगितलं होतं, त्यांचं पाणी ओघळून फरशीवर आलं होतं आणि शिपाई पुन्हा पुन्हा पुसत होता. मी त्या पाण्याकडे बघत होते, त्यामुळे प्रश्न मला उशिरा कळला. स्क्रीनवर माझा क्रेडिट रिपोर्ट होता, म्हणजे कर्जांची नोंदवही, आणि वर माझं नाव. त्याखाली आमची ठाऊक असलेली कर्जं ओळीनं होती. शेवटच्या ओळीत मात्र ‘व्यावसायिक वाहन’ असं लिहिलेलं, पुढे ‘जामीनदार’ आणि त्यापुढे ‘सेटल्ड’. माझ्या डोळ्यांपुढे पाळी गावातल्या माहेरच्या घराची ओसरी आली, गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची माटोळी आली, तिच्यातल्या पिकत आलेल्या तोरिंजनाचा, त्या लिंबासारख्या फळाचा, वास आला. मी म्हटलं, ‘‘माझ्या भावाचं.’’ नवऱ्यानं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो काहीच बोलला नाही. चौदा वर्षांच्या संसारात त्याला मी ही गोष्ट सांगितलेली नव्हती, आणि ती त्याला समजली ती बँकेच्या खुर्चीत बसून, तिऱ्हाईताकडून.

घरी जाताना स्कूटरवर मी मागे बसले होते. रेनकोट दोघांचेही गळत होते. तिस्कावर गाड्या तुंबल्या होत्या. त्यानं मध्येच गाडी थांबवून पाव घेतले, माझ्या हातात पिशवी दिली. पाव गरम होते. त्या ऊबेनं मला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं.

आम्हाला घर बदलायचं होतं ते हौसेसाठी नव्हे. फोंड्यातला आमचा वन बीएचके तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. खालून आमच्या दारापर्यंत चौपन्न पायऱ्या. हा आकडा मला माझ्या सासूबाईंनी, माईंनी, सांगितला. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या पायऱ्या मोजत चढतात. अठराव्या पायरीवर पहिला थांबा, तिथं कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून रोज संध्याकाळी बांगड्याच्या हुमणाचा वास येतो. छत्तिसाव्या पायरीवर दुसरा थांबा, तिथं खिडकीची जाळी मोडलेली आहे, तिच्यातून वारा लागतो. मग शेवटच्या अठरा. सासरे गेल्यापासून माईंचं खाली उतरणं आठवड्यातून एकदा, गुरुवारी देवळात जाण्यापुरतं उरलं. यंदा आषाढी एकादशीला देवळातलं भजन वरपर्यंत ऐकू येत होतं, टाळांचा आवाज तर स्पष्ट. माई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मांडीवर बोटांनी ताल धरत होत्या. त्या रात्री नवरा म्हणाला, ‘‘आता बघूयाच.’’

जवळच एक जुना टू बीएचके विकायला होता. पहिला मजला, लिफ्ट, समोर जांभळाचं झाड. मालक ५८ लाख म्हणत होता. आमचा फ्लॅट ३० लाखांना घ्यायला खालच्या मजल्यावरचा भाडेकरू तयार होता, त्याचे गुडघे तरणे आहेत. जुन्या गृहकर्जाचे ९ लाख फेडले की हातात २१ राहणार. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, सामान हलवणं यांना ५ लाख बाजूला काढायचे, कारण बँक किंमत धरताना हा खर्च धरत नाही. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. त्यात आम्ही बसत होतो. थोडक्यात, ४२ लाखांचं कर्ज हवं होतं. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो रेपो दर २०२५ च्या फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५ वर आला, जूनपर्यंत ५.५० झाला, तेव्हापासून नवऱ्याच्या तोंडी एकच: व्याज उतरतंय, आता घेऊन टाकूया. मलाही ते खरं वाटत होतं. दोघांचे पगार मिळून हातात १ लाख ५ हजार येतात. मी शाळेत शिकवते, तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आहे. एवढ्या पगारावर ४२ लाख न मिळायला काय झालं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या मुलानं आम्हाला समजावलं ते शांतपणे. हातात येणाऱ्या पगारातला साधारण निम्मा भाग सगळ्या हप्त्यांसाठी धरायचा, असा त्यांचा हिशेब. म्हणजे आमच्या बाबतीत ५२,५००. त्यातून आधीच चालू असलेले हप्ते वजा. सासऱ्यांच्या आजारपणात काढलेलं वैयक्तिक कर्ज, ११,२००. स्कूटर, ३,४००. लेकीचा अभ्यासाचा टॅब आणि फ्रिज यांचा मिळून २,९००. क्रेडिट कार्डावर ६० हजार थकलेले, त्याचे ५ टक्के म्हणून ३,०००. झाले २०,५००. उरले ३२,०००. साडेआठ टक्के दरानं २० वर्षांच्या मुदतीला लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो, त्या हिशेबानं ३२ हजारांत ३६ लाख ८६ हजार बसतात. एकही कर्ज नसतं तर ६० लाख बसले असते. मी दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. महिन्याच्या साडेवीस हजारांनी आमच्या डोक्यावरचं साडेतेवीस लाखांचं छप्पर काढून घेतलं होतं. आणि जुन्या घराचा साडेतेरा हजारांचा हप्ता यात धरलेलाच नव्हता. विक्रीचा करार आणि जुन्या बँकेचं फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं पत्र, आणून दिलंत तर ते कर्ज बंद होणार या अटीवर मंजुरी देऊ, असं तो म्हणाला. नाहीतर तोही वजा.

वर माझी ती शेवटची ओळ. तिच्यामुळे माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, ६९० वर आला होता, नवऱ्याचा ७६०. ‘‘सहकर्जदार म्हणून दोघांचंही बघतात,’’ तो म्हणाला. ‘‘सेटल्ड दिसलं की फाइल वर जाते, वेळ लागतो, दरही थोडा चढा लागू शकतो.’’

त्या रात्री आम्ही जेवलो आणि लेक झोपायला गेली. मग नवऱ्यानं टेबल पुसलं, वही आणली आणि म्हणाला, ‘‘सगळं सांग. बँकेला दिसतं ते मलाही दिसू दे.’’ त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी सांगायला सुरुवात केली ती बी.एड.पासून. दादानं पहिला ट्रक घेतला तेव्हा मी कॉलेजात होते. चीनला गोव्याचं खनिज जोरात जात होतं, पाळीच्या रस्त्यानं रात्रंदिवस ट्रकांची रांग. तुळशीवृंदावनावर, आंब्याच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ. आई रोज सकाळी ओसरी झाडायची आणि दुपारी पुन्हा झाडायची. आम्हाला त्या धुळीचा राग येत नसे, कारण तीच घरात पैसा आणत होती. दादा खाणीवरून आमोण्याच्या जेटीवर खेपा मारायचा. खेपेचा हिशेब तो एका लांबट वहीत पेन्सिलीनं मांडायचा, आणि त्या वहीच्या मागच्या पानावर ‘बायची फी’ असं वेगळं लिहिलेलं असायचं. बाय म्हणजे मी. बाबा गेल्यावर माझं शिक्षण बंद पडलं नाही ते त्या मागच्या पानामुळे. पैसे देताना तो तोंडानं काही बोलायचा नाही. मातीनं तांबड्या झालेल्या हातांनी नोटा मोजायचा आणि रुमालात गुंडाळून द्यायचा. त्या नोटांनाही मातीचा वास असायचा, कॉलेजच्या खिडकीवर त्या देताना मला लाज वाटायची. ती लाज आठवली की मला आजही जड जातं.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभा राहिला. चाकांखालून गवत उगवलं, पुढच्या पावसात बोनेटवर शेवाळ आलं. कर्ज कसंबसं फेडून दादानं तो ट्रक मिळेल त्या किमतीला विकला. आमच्या गावात तेव्हा प्रत्येक तिसऱ्या घरात हीच कहाणी होती, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नसे. पुढे खाणी पुन्हा सुरू झाल्या, रस्त्यावर पुन्हा धूळ उडायला लागली आणि दादाच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. २०१७ च्या चवथीला मी माहेरी गेले होते. गणपती अजून बसलेले होते, माटोळीखाली आरतीचं तबक तसंच होतं. दादा कागदांचा गठ्ठा घेऊन आला. ‘‘बाय, टिप्पर घेतोय. बँक सरकारी नोकरदार किंवा शिक्षक जामीन मागते. तुझी सही लागेल.’’ मी एकही पान वाचलं नाही. जिथं जिथं पेन्सिलीची खूण होती तिथं सही करत गेले. आतून वहिनीनं पातोळ्या आणल्या, हळदीच्या पानांचा वास सुटला होता, मी डाव्या हातानं पातोळी खात उजव्या हातानं सह्या केल्या.

१६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद. सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं होतं. त्या निकालाच्या बरोबर-चुकीबद्दल माझं स्वतःचं मत आहे. डोंगर आणि नद्या यांची जी दशा झाली होती ती मी डोळ्यांनी बघितली आहे. तरीही तो निकाल लागला त्या संध्याकाळी दादा ओसरीवर ज्या पद्धतीनं बसला होता, पाय खाली सोडून, चप्पल अंगठ्यात लोंबकळत ठेवून, ते मी विसरू शकत नाही. टिप्परचे सहासात हप्तेच भरून झाले असतील. पुढची तीन वर्षं तो इकडून तिकडून भरत राहिला. शेवटी २०२१ मध्ये टिप्पर विकला, तरी १ लाख ४६ हजार उरले. बँक म्हणाली, १ लाख एकरकमी भरा, बाकीचे सोडतो. त्यानं भरले. मला फोन करून म्हणाला, ‘‘सुटलो गो बाय.’’ मीही देवापुढे साखर ठेवली.

बँकेच्या भाषेत आम्ही सुटलो नव्हतो. ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ हे दोन शब्द वेगळे आहेत, हे मला त्या जुलैच्या दुपारी कळलं. पहिल्याचा अर्थ पूर्ण फिटलं. दुसऱ्याचा अर्थ बँकेनं काही रकमेवर पाणी सोडलं. आणि जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार, ही माझी समजूतही साफ चुकीची होती. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मी शाळेत मुलांना सांगते की कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. कितीतरी वर्षं सांगत आले आहे.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एकच वाक्य बोलला, ‘‘फ्लॅट विकायला कायद्यानं दोघांच्या सह्या लागतात, आणि हे तू एकटीनं केलंस.’’ गोव्यात लग्नानंतर मालमत्ता दोघांची, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा तसा आहे. घर एकाच्या नावावर असलं तरी विकताना दुसऱ्याची सही लागतेच. त्याचं बोलणं मला लागलं. मी म्हणाले, ‘‘तुझ्या कार्डावर साठ हजार आहेत हे मला तरी कुठं माहीत होतं?’’ ते खरं होतं. दर महिन्याला तो किमान रक्कम भरत होता आणि बाकीची तशीच पुढे ढकलत होता, महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त व्याजानं. लेकीच्या शाळेची सहल, माईंचे चष्मे, गॅसची शेगडी, असं साचत गेलेलं. आम्ही दोघंही गप्प झालो. खालच्या रस्त्यावरून कदंबची शेवटची बस गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडली, ह्या वेळी लेकही बसली. तिला सातवीत गुणोत्तर आणि प्रमाण शिकवत होते. मला आधी वैयक्तिक कर्ज संपवायचं होतं. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचा एसएमएस येतो आणि दर वेळी मला सासऱ्यांची ती खोली, सलाइनच्या स्टँडला लटकवलेला त्यांचा टॉवेल, उशाखाली ठेवलेलं जानवं आठवतं. ते गेले, आणि त्यांच्या आजारपणाचा हप्ता अजून चालू आहे, हे मला सहन होत नव्हतं. लेकीनं मात्र शांतपणे भागाकार केले. टॅब आणि फ्रिजचे पाच हप्ते उरले होते. १४,५०० भरले की महिन्याचे २,९०० मोकळे. स्कूटरचे आठ, म्हणजे २७,२०० भरून ३,४०० मोकळे. वैयक्तिक कर्जाचे अजून २ लाख ७ हजार बाकी, ते भरून ११,२०० मोकळे. ‘‘आई, टॅबच्या एका रुपयाला पाच रुपये लागतात, स्कूटरच्या आठ, आजोबांच्या साडेअठरा.’’ तिनं ‘आजोबांच्या’ म्हटलं आणि माई आत गेल्या.

तेव्हा कुठं मला उमगलं की आम्ही इतके दिवस उलट्या बाजूनं विचार करत होतो. मोठ्या घरासाठी पात्रता वाढवायची तर सगळ्यात मोठं कर्ज आधी फेडायचं असं नाही. मनाला सलणारं आधी फेडायचं, असंही नाही. कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त हप्ता ज्यातून मोकळा होतो ते आधी. त्याला अपवाद फक्त कार्डाचा. तिथं एका रुपयाला वीस लागत होते, पण त्याचं व्याजच असं की ते घरात ठेवणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणं. शिवाय ७५ हजारांच्या मर्यादेतले ६० हजार वापरलेले, त्यानं नवऱ्याचाही स्कोअर ओढला जात होता. टॅब-फ्रिज, स्कूटर आणि कार्ड, तिन्ही मिळून १ लाख १ हजार ७०० रुपये. त्यातून सुटणार होते महिन्याचे ९,३००. म्हणजे हप्त्याची मर्यादा ३२ हजारांवरून ४१,३००, कर्ज ३६ लाखांवरून साडेसत्तेचाळीसपर्यंत. आणि आम्हाला हवे होते ४२. रेपो दराची वाट बघत आम्ही सहा महिने घालवले होते. पाव टक्का उतरला तर ४२ लाखांच्या हप्त्यात ६६० रुपयांचा फरक पडतो, तेही त्या दिवशी मांडून बघितलं. लेकीच्या टॅबनं त्याच्या चौपटीहून जास्त दिले असते.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरं तर प्रश्नच नव्हता. दीड लाखाची मुदत ठेव होती, साडेसहा टक्क्यांची. ती माईंच्या आग्रहावरून ठेवलेली. ‘‘घरात हाताशी शिल्लक असावी,’’ त्या म्हणतात, आणि ते चुकीचं नाही. १९६५-७० च्या काळात त्यांनी सावकाराच्या दारात उभं राहून दिवस काढले आहेत. ठेव मोडायची म्हटल्यावर त्या दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. रात्री कुकरची शिट्टी होत असताना मला म्हणाल्या, ‘‘मोडा गो. पण सगळी नको.’’ मलाही सगळी मोडवली नसती. साडेसहा टक्के मिळवायचे आणि तिकडे वर्षाला छत्तीसहून जास्त द्यायचे, हा हिशेब कुठल्याही अंगानं जुळत नाही, हे मला कळतं. तरी ठेवीची ती हिरवी पावती कपाटात असणं, रात्री बारा वाजता कुणी आजारी पडलं तर ती आहे हे माहीत असणं, याला काहीतरी किंमत आहेच.

मधल्या काळात सल्ले देणारे बरेच भेटले. एका एजंटानं सांगितलं, मुदत २५ वर्षं करा, हप्ता उतरेल. उतरतो, साधारण २,६०० रुपयांनी. आणि एकूण व्याज जवळपास १४ लाखांनी चढतं. शिवाय माझी निवृत्ती साठाव्या वर्षी, पुढचे हप्ते पेन्शनमधून? दुसरा म्हणाला, स्वतःच्या हिश्शाची रक्कम कमी पडत असेल तर आधी एक छोटं वैयक्तिक कर्ज काढा, गृहकर्जाच्या फाइलीत ते दिसायच्या आत काम उरकून घेऊ. ह्या माणसाशी मी पुन्हा बोलले नाही. २०२५ च्या जानेवारीपासून बँकांना निदान दर पंधरवड्याला तरी कर्जाची माहिती कळवावी लागते, त्यामुळे लपवणं जमत नाही, हे एक. पण तेवढ्यापुरतं ते नव्हतं. एक लपवलेली ओळ मला पुरेशी झाली होती.

राहिली ती ओळ.

रविवारी आम्ही दोघं पाळीला गेलो. उसगाव मागे टाकून नदी ओलांडली की मला नेहमी बरं वाटतं, त्या दिवशी वाटलं नाही. पाणी तांबडं होतं, पावसातलं असतं तसं. दादा आता एका शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवतो. दारात तो पिवळा बालरथ उभा होता आणि दादा हाफ पँटवर त्याच्या पायऱ्या धूत होता. टिप्पर पुसायचा तशाच पद्धतीनं, आधी वरून पाणी, मग ओला फडका, मग कोरडा. वहिनीनं चहा आणला. मी बोलायचं ठरवून गेले होते आणि मला शब्द सापडेना. शेवटी नवऱ्यानंच सांगितलं, अगदी साधेपणानं: बँकेनं सोडलेले ४६ हजार भरले तर ते पूर्ण फिटल्याचं पत्र देतात, मग रिपोर्टमधला शब्द बदलतो. मी घाईघाईनं म्हणाले, ‘‘दादा, आमच्याकडे आहेत. ठेवीतले उरलेत. तू काळजी करू नकोस.’’ दादानं फडका पिळला, दांडीवर टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘तुझं नाव अजून त्यात आहे हे मला कुणी सांगितलंच नाही गो. मला वाटलं, मी सुटलो म्हणजे तूही सुटलीस.’’

तो आत गेला. आतून वहिनीशी हलक्या आवाजातलं बोलणं, कपाटाच्या कुलपाचा आवाज. बाहेर आला तेव्हा हातात रुमालाची पुरचुंडी होती, तीच गाठ मारायची पद्धत. २० हजार. वहिनीच्या भिशीचे. मला ते घेववेना. ते घेतले तर माझ्या बी.एड.च्या फीचं मी काय केलं, असं कुणीतरी विचारील असं वाटत होतं. दादानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मागचं पान उलटलं आणि पेन्सिलीनं लिहिलं: ‘बायचे २६,०००’. मी म्हणाले, ‘‘हे कशाला? खोड ते.’’ नवऱ्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘‘लिहू दे त्याला,’’ तो म्हणाला.

परतताना मला त्याचा रागच आला होता. उसगावपर्यंत मी बोलले नाही. त्या मागच्या पानावर एके काळी ‘बायची फी’ होती. तिच्यापुढचा आकडा मी कधी परत करायचा म्हणून पाहिलाच नाही, दादानंही कधी मागितला नाही. आणि आता सव्वीस हजार लिहायचे? पण दादाच्या चेहऱ्यावर लिहून झाल्यावर जे दिसलं होतं ते मी विसरू शकत नव्हते. तो ताठ उभा राहिला होता. मी ते खोडायला लावलं असतं तर आमच्यामध्ये पुन्हा एक न बोललेलं कर्ज राहिलं असतं. कोण कुणाचं देणं लागतं याचा हिशेब आमच्या दोघांत कधीच लागायचा नाही. निदान हे सव्वीस हजार भिंतीवर दिसत राहतील.

पुढचं कामकाज सांगण्यासारखं फार नाही. दादानं ४६ हजार भरले, बाकी नसल्याचं पत्र घेतलं, त्याची प्रत जोडून मी रिपोर्टबद्दल तक्रार नोंदवली. ३० दिवसांत निकाल लावावा लागतो, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम आहे. आमचं तीन आठवड्यांत झालं. वर्षातून एकदा हा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि मी तो कधी मागितला नव्हता. आता माझ्या शाळेतल्या सहकारी शिक्षिकांना मी तो काढायला लावते. तिघींच्या रिपोर्टमध्ये जामीन निघाला. दोघींना तो आठवत होता.

चवथीच्या आधी मंजुरीचं पत्र आलं. बँक साडेसत्तेचाळीसपर्यंत विचार करते हे माहीत असूनही आम्ही ४२ वरच थांबलो. माईंच्या ठेवीतले २२ हजार ३०० पुन्हा ठेवीतच टाकले. वैयक्तिक कर्जाचा एसएमएस अजून दर पाच तारखेला येतो. तो आला की मी आता माईंना दाखवते, आणि त्या किती राहिले ते विचारतात.

आमच्या जुन्या फ्लॅटच्या विक्रीखतासाठी परवा आम्ही उपनिबंधक कार्यालयात गेलो. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, पंखा फिरत असूनही घाम. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, बायको आणि कडेवरचं बाळ घेऊन. वकिलानं कागद पुढे केले, पेन्सिलीच्या खुणा केलेले. ‘‘इथं, इथं आणि इथं, मॅडम.’’ मी खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सदनिकेचं क्षेत्रफळ, चतुःसीमा, पूर्वेला जिना. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं, वकिलानं घड्याळ पाहिलं. नवरा माझ्या शेजारी उघडं पेन हातात धरून उभा होता. सातव्या पानावर त्याच्या आजोबांच्या नावात एक काना राहिला होता. मी तो दाखवला. वकिलानं दुरुस्त केला. मग मी पुढचं पान उलटलं.